परदेशीं जाणारा माल व बांधावरची नोंदवही

आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान निफाड तालुक्यांत द्राक्षें पिकवितात. कांहीं वर्षांपूर्वीं माघ महिन्यांत एके सायंकाळीं ते आमच्या घरीं आले, तेव्हां त्यांच्या हातीं एक कोरी छापील नोंदवही व पिशवीभर चिठ्या आणि पावत्या होत्या. दोन दिवसांनीं प्रयोगशाळेचा मनुष्य बागेंतील द्राक्षांचा नमुना घेण्यास यावयाचा होता, व त्यापूर्वीं छाटणीपासूनच्या सर्व फवारण्यांची नोंद तयार असणें अवश्य होतें. ते म्हणाले, "दादा, तुमचें अक्षर वळणदार आहे. एवढें एका बैठकींत उतरवून द्या." आमचा सारा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला, कोरी वही व चिठ्या पुढें आल्या म्हणजे हात आपोआप लेखणीकडे वळतो. परंतु चार ओळी लिहून होतात न होतात तोंच त्यांनीं एक पावती उचलून बाजूस ठेविली व म्हटलें, "ही तेवढी लिहूं नका." आम्हीं लेखणी खालीं ठेविली.

त्या पावतीचें पुढें काय झालें तें लेखाच्या शेवटीं सांगूं. तत्पूर्वीं अशा वहींतील एक ओळ आपल्या बांधावरून निघून कोठपर्यंत जाते, ती कोण वाचतो, आणि ती खोटी निघाल्यास नुकसान कोणाचें होतें, हें वाचकांपुढें मांडावें असा आमचा हेतु आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा माल हल्लीं परदेशीं जातो. "आपण माल पिकवावा, कागदपत्रांचें निर्यातदार पाहून घेईल" अशी त्यांपैकीं बहुतेकांची समजूत आहे. ती समजूत आतां चालण्यासारखी राहिलेली नाहीं.

बंद पेटीचा व्यवहार

पूर्वीं जहाजावर माल चढे तो पोतीं, पिंपें व खोकीं यांच्या रूपानें चढे, आणि गोदीवरील माणसांस तो डोळ्यांनीं दिसे. २६ एप्रिल १९५६ रोजीं 'आयडियल एक्स' नांवाचें जहाज अमेरिकेंतील न्यूअर्क येथून धातूच्या ५८ मोठ्या पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघालें, आणि तेव्हांपासून व्यापाराची तऱ्हाच पालटूं लागली. या पेटीस आपण कंटेनर म्हणतों. माल जेथें तयार होतो तेथेंच ती भरून तिला सील लावतात, आणि पुष्कळ वेळां ती थेट घेणाऱ्याच्या वखारींतच उघडते. यामुळें हमाली वांचली, चोरी कमी झाली, भाडें उतरलें. परंतु आंत काय आहे हें वाटेंतील कोणासही दिसेनासें झालें. पेटीबरोबर जी माहिती लिहून दिली असेल, तीच त्या पेटीची ओळख ठरली.

११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेवर हल्ले झाले, त्यानंतर या बंद पेट्यांकडे राज्यकर्ते संशयानें पाहूं लागले. अशा एखाद्या पेटींतून घातपाताचें सामान आलें तर काय करावें, हा प्रश्न त्यांस पडला. प्रत्येक पेटी उघडून पाहावी म्हटलें तर बंदरें तुंबतील, व नाशवंत माल पाहणी होईपर्यंत सडून जाईल. म्हणून त्यांनीं असा मार्ग काढिला कीं, मालाच्या आधीं मालाची माहिती यावी. डिसेंबर २००२ पासून अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यानें असा नियम लागू केला कीं, पेटी परक्या बंदरांत जहाजावर चढविण्यापूर्वीं २४ तास तिची माहिती त्या खात्याकडे पोंचली पाहिजे. 'नाना प्रकारचा माल' असें मोघम वर्णन त्यानंतर चालेनासें झालें. जून २००५ मध्यें ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेनें 'सेफ' नांवाची एक चौकट मान्य केली. माहिती इलेक्ट्रॉनिक रीतीनें व एकाच ठराविक नमुन्यांत आगाऊ द्यावी, धोका पारखण्याची रीत सर्वत्र सारखी असावी, माल घेणाऱ्या देशानें विनंति केल्यास पाठविणाऱ्या देशानें आपल्याच बंदरांत पेटी तपासावी, आणि जे व्यापारी नियम नीट पाळतात त्यांस सवलती मिळाव्या, हीं त्या चौकटींतील मुख्य कलमें होत. युरोपीय संघानें १ जानेवारी २०११ पासून अशीच आगाऊ माहिती मागण्यास सुरुवात केली, व जून २०२४ पासून सागरी मालासाठीं त्याच व्यवस्थेची अधिक बारकाईची नवी आवृत्ति चालू केली.

ही माहिती म्हणजे कांहीं गूढ गोष्ट नव्हे. माल पाठविणारा कोण, घेणारा कोण, माल कोणता, नग किती, वजन किती, कंटेनरचा क्रमांक कोणता व सीलचा क्रमांक कोणता, एवढीच ती असते. संगणक ती मागील व्यवहारांशीं ताडून पाहतो. जेथें मेळ बसतो ती पेटी पुढें जाते. जेथें बसत नाहीं ती क्ष-किरण यंत्राखालीं जाते किंवा उघडली जाते. ज्या व्यापाऱ्यांचें दप्तर, गोदाम व वागणूक सीमाशुल्क खात्यानें पारखून घेतली आहे, त्यांच्या मालास तपासणी कमी लागते. आपल्या देशांत अशा पारखलेल्या व्यापाऱ्यांची योजना २०११ सालीं सुरू झाली, आणि एकमेकांच्या पारखलेल्या व्यापाऱ्यांस मान्यता देण्याचा करार भारत व अमेरिका यांनीं २०२१ सालीं केला.

यांत शेतकऱ्याचा संबंध कोठें येतो, असें कोणी विचारील. द्राक्षांचा कंटेनर शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवून न्हावा शेवा बंदरांतून निघतो. तो वाटेंत चार दिवस अधिक अडकला तर घडाचा देंठ सुकून तपकिरी पडतो, आणि देंठ तपकिरी दिसला कीं तेथील दुकानदार भाव पाडतो. तो पडलेला भाव निर्यातदाराच्या हिशेबांतून उतरत उतरत शेवटीं बागाईतदाराच्याच अंगावर येतो. म्हणून कागद स्वच्छ असणें ही केवळ सरकारची सोय नव्हे. त्यांत आपलाहि स्वार्थ आहे.

द्राक्षांची साखळी

वर सांगितलेली माहिती बंदराच्या सुरक्षिततेची झाली. खाण्याच्या मालास आणखी एक माहिती लागते. ती म्हणजे त्यांत विषारी औषधांचा अंश किती आहे ही. हे दोन प्रवाह निरनिराळ्या खात्यांकडे जातात, तथापि दोन्ही एकाच पेटीविषयीं बोलतात, आणि दोहोंपैकीं एक जरी खोटा ठरला तरी पेटी अडते.

२००३ सालीं नेदरलंड्स देशांत भारतीय द्राक्षांत मेथोमिल व असिफेट या कीटकनाशकांचे अंश ठरलेल्या मर्यादेहून अधिक आढळले, आणि आपल्या द्राक्षांच्या नांवास मोठा धक्का बसला. त्या वेळीं अडचण अशी होती कीं, दोषी घड कोणत्या बागेंतील हें खात्रीनें सांगतां येईना. आणि जेथें दोषी निवडतां येत नाहीं तेथें सर्वच संशयित ठरतात. त्यानंतर औषधांचे अंश तपासण्याची पद्धतशीर योजना आपल्याकडे सुरू झाली, व २००६ सालीं शेतीमालाच्या निर्यातीचें काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेनें 'ग्रेपनेट' नांवाची इंटरनेटवरील व्यवस्था उभारली. पेटीवरील क्रमांकावरून माग काढीत थेट बागेपर्यंत पोंचतां यावें, हा तिचा उद्देश होता.

तिचा क्रम वाचकांनीं ध्यानीं घ्यावा. प्रथम बागाईतदार आपल्या बागेची नोंदणी राज्याच्या कृषि खात्याकडे करितो व बागेस क्रमांक मिळतो. कृषि अधिकारी बाग व फवारणीची वही पाहतो. पुढें काढणीपूर्वीं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा मनुष्य स्वतः बागेंत येऊन नमुना घेतो, व त्याचा निकाल प्रयोगशाळा परस्पर त्या व्यवस्थेंत नोंदविते. पुण्याजवळ मांजरी येथें जें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तें या सर्व प्रयोगशाळांवर देखरेख करितें, आणि एखाद्या नमुन्यांत दोष आढळल्यास त्याची सूचना तेथून निघते. निकाल समाधानकारक असेल तरच त्या बागेचा माल मान्य पॅकहाऊसमध्यें निर्यातीसाठीं घेतां येतो. नंतर प्रतवारीचें ॲगमार्क प्रमाणपत्र, वनस्पति निरोगी असल्याचें प्रमाणपत्र, सीमाशुल्क खात्याचा कागद व जहाज कंपनीची यादी अशी ही साखळी वाढत जाते. प्रत्येकजण आपल्या आधींच्यानें भरलेल्या माहितीवर विश्वास ठेवून पुढची कडी जोडतो. साखळीची पहिली कडी मात्र शेतांत आहे, आणि ती जोडणारा शेतकरी आहे.

२०१० सालचा धडा

व्यवस्था चांगली असली म्हणजे संकट येतच नाहीं असें नव्हे. २०१० च्या हंगामांत युरोपांत आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या द्रव्याचा अंश आढळला. वेलीच्या शेंड्याची बेसुमार वाढ रोखण्यासाठीं आपले बागाईतदार तें वापरीत असत. पुष्कळांस तें 'लिहोसिन' या व्यापारी नांवानें ठाऊक आहे. युरोपांत द्राक्षांसाठीं त्याची मर्यादा किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम होती. हें प्रमाण किती सूक्ष्म आहे तें पाहा: वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. आपल्याकडे ज्या द्रव्यांची तपासणी होत असे त्यांच्या यादींत हें नांव नव्हतें. शेतकऱ्यानें तें लपविलें असें सरसकट म्हणतां येणार नाहीं. त्यास कोणीं विचारलेंच नव्हतें. प्रयोगशाळेनें तें शोधलें नाहीं, कारण शोधण्यास सांगितलें नव्हतें. कागद सर्व बरोबर होते, निकाल समाधानकारक होते, आणि तरीहि माल परक्या बंदरांत पडून राहिला. पुष्कळ निर्यातदार बुडाले, व शेतकऱ्यांचे पैसे त्यांच्याबरोबर अडकले. ज्यांनीं तें द्रव्य कधीं हातांतहि घेतलें नव्हतें, त्यांच्या मालाचे भावहि त्या वर्षीं कोसळले.

यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, साखळींतून जें भरलें तेंच वाहतें; जें भरलें नाहीं तें संगणकास कधींच कळत नाहीं. दुसरी अशी कीं, छापील वहींत जेवढे रकाने आहेत तेवढेंच लिहून आपली जबाबदारी संपत नाहीं. ज्याच्या वहींत वाढ रोखणाऱ्या द्रव्यांसह सर्वच औषधांची तारीखवार नोंद असेल, त्याला नियम बदलल्या दिवशीं आपली बाग सुरक्षित आहे कीं नाहीं हें घरबसल्या सांगतां येतें. बाकीच्यांस प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहत बसावें लागतें.

सील काय सांगतें

खोट्या माहितीचा भार कसा जाणवतो याचें एक उदाहरण समुद्रावरचें आहे. जानेवारी २००७ मध्यें इंग्लिश खाडींत 'एम. एस. सी. नेपोली' नांवाचें कंटेनरवाहू जहाज वादळांत सांपडून तडकलें, व तें इंग्लंडच्या किनाऱ्यास लावावें लागलें. पुढें चौकशींत डेकवरील ज्या सुमारें ६६० पेट्या कोरड्या राहिल्या होत्या त्यांचीं वजनें ताडून पाहिलीं, तों १३७ पेट्यांच्या खऱ्या वजनांत व जाहीर केलेल्या वजनांत ३ टनांहून अधिक फरक निघाला. ज्यांनीं तीं वजनें लिहिलीं ते आपापल्या कचेरींत सुखरूप बसले होते. जहाजावरील खलाशांनीं मात्र त्या आंकड्यांवर आपला जीव सोंपविला होता. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचें पडताळलेलें वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवूं नये असा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला.

आपल्याकडे २०१७ सालापासून निर्यातदारानें स्वतः भरून बंद केलेल्या कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लावण्याची पद्धत आली. बंदराच्या फाटकावर यंत्र तें सील वाचतें, आणि वाटेंत कोणीं दार उघडलें असल्यास तें तेथें कळतें. ही सोय उत्तम आहे. परंतु सील सांगतें तें इतकेंच कीं, लावल्यानंतर दार उघडलें गेलें नाहीं. दार बंद होण्यापूर्वीं आंत काय गेलें हें सीलला ठाऊक नसतें. तें ठाऊक असतें बागाईतदाराला, फवारणी करणाऱ्या गड्याला, आणि त्यांनीं खरें लिहिलें असेल तर त्या वहीला.

आमचा स्वतःचा अनुभव

हें आम्ही दुसऱ्यास उपदेश करण्याच्या भूमिकेवरून लिहीत नाहीं. मागील शतकाच्या अखेरीस, नोकरींत असतांना, पीकनोंदीच्या नकला तयार करण्याचें काम आमच्याकडे होतें. मुदत संपत आली होती, एका गांवची पाहणी पुरी आली नव्हती, आणि वरून तगादा चालू होता. तेव्हां कांहीं गटांपुढें आम्हीं मागील वर्षाचेंच पीक उतरवून टाकलें. त्यांत आम्हांस त्या वेळीं कांहींच वावगें वाटलें नाहीं. सर्वत्र असेंच चालतें अशी मनाची समजूत घातली. त्याच वर्षीं त्या भागांत पाऊस गेला. नुकसानीची यादी झाली ती नोंदींवरून. एका शेतकऱ्याची बाजरी करपली होती, परंतु आमच्या अक्षरांत त्याच्या गटापुढें दुसरेंच पीक होतें. तो तीन वेळां कचेरींत आला. प्रत्येक वेळीं त्यास तोच कागद दाखविण्यांत आला. अक्षर सुरेख होतें, खाडाखोड कोठें नव्हती, आणि म्हणूनच त्याचें म्हणणें कोणास खरें वाटलें नाहीं. ती चूक आमची आहे हें आम्हीं त्या वेळीं कबूल केलें नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं, २०२१ सालीं, शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाईलवर आपल्या पिकाची नोंद करावी अशी ई-पीक पाहणीची योजना महाराष्ट्रांत सुरू झाली, तेव्हां आम्हांस प्रथम त्या बाजरीच्या मालकाची आठवण झाली.

तात्पर्य एवढेंच कीं, एका बैठकींत लिहिलेली नोंद व त्या त्या दिवशीं लिहिलेली नोंद या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. अनुभवी तपासनिसास तें एका दृष्टिक्षेपांत कळतें: एकच शाई, एकच लेखणी, एकसारखा दाब, आणि पाऊस पडला त्या दिवशींहि फवारणी! संगणकांत शाई दिसत नाहीं, पण नोंद केव्हां भरली ती वेळ तेथें उमटूं शकते. म्हणून ही युक्ति पुढें अधिकच निरुपयोगी ठरणार आहे.

वही कशी ठेवावी

आतां कामाचें सांगतों. वही बागेच्या क्रमांकावार वेगळी असावी. दोन बागा असल्यास एका वहींत दोहोंची सरमिसळ करूं नये. प्रत्येक फवारणीची नोंद त्याच दिवशीं संध्याकाळच्या आंत करावी. तींत तारीख, औषधाचें व्यापारी नांव, डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलें मूळ द्रव्याचें नांव, गट-क्रमांक व मुदतीची तारीख, दर शंभर लिटर पाण्यास घेतलेलें प्रमाण, एकूण पाणी, फवारलेलें क्षेत्र, फवारणाऱ्याचें नांव आणि कशासाठीं फवारलें तें कारण, एवढें असावें. मूळ द्रव्याचें नांव लिहिणें विशेष अगत्याचें आहे, कारण एकच द्रव्य दहा नांवांनीं विकलें जातें, आणि परदेशांत तपासणी होते ती द्रव्याची, डब्याची नव्हे.

औषध फवारल्यापासून काढणीपर्यंत किती दिवस जाऊं द्यावयाचे तो आंकडा फवारणीच्या दिवशींच वहींत लिहून त्यापुढें काढणीची लवकरांत लवकरची तारीख मांडावी. अवकाळी पाऊस, धुकें, शेजारच्या शेतांतून वाऱ्यानें आलेली फवारणी यांचीहि नोंद करावी. वाद उपस्थित झाल्यास हीच ओळ पुढें कामास येते. दुकानदाराकडून पक्की पावती घ्यावी, आणि 'टॉनिक' म्हणून बिननांवाची बाटली कोणी देऊं लागल्यास ती घेऊं नये. आंत काय आहे हें जेथें देणाराच सांगत नाहीं, तेथें आपण वहींत काय लिहिणार?

चूक झाल्यास ती खोडून काढूं नये. तिच्यावर एक आडवी रेघ मारावी, शेजारीं बरोबर मजकूर लिहावा, व तारीख घालून सही करावी. महसूल दप्तरांत आम्ही हेंच शिकलों. खाडाखोड नसलेली वही कित्येकदां खोटी असते. रेघ मारून सुधारलेली वही बहुधा खरी असते.

कोऱ्या वहीवर अथवा कोऱ्या फॉर्मवर सही करून ती दलालाच्या हवालीं कधींहि करूं नये. मोबाईलवर येणारा सांकेतिक आंकडा कोणी मागितल्यास तो कशासाठीं पाहिजे हें विचारून घ्यावें. आपल्या नांवें काय भरलें गेलें त्याची एक प्रत व प्रयोगशाळेच्या निकालाची एक प्रत मागून घेऊन वहींत लावून ठेवावी. दुसऱ्याच्या बागेचा माल आपल्या क्रमांकावर घालूं देणें हा तर आपल्याच घरास आग लावण्याचा प्रकार होय. पांच क्रेट शेजाऱ्याचीं म्हणून भिडेखातर घेतलीं, तर त्याचें औषध आपल्या नांवें परदेशीं जाईल, आणि माग काढीत येणारा मनुष्य आपल्याच बांधावर येऊन उभा राहील.

एक रास्त शंका

कित्येक शेतकरी आम्हांस विचारतात, "आमच्या शेताची इतकी माहिती परक्यांच्या हातीं कां द्यावी?" ही शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. बेल्जममधील अँटवर्प बंदरांत अमली पदार्थांच्या टोळीनें संगणकांत शिरकाव करून आपले कंटेनर कोठें ठेविले आहेत हें शोधून ते परस्पर लांबविण्याचा उद्योग चालविला होता; हा प्रकार २०१३ सालीं उजेडांत आला. जून २०१७ मध्यें मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीचे संगणक एका दुष्ट प्रोग्रॅममुळें जगभर बंद पडले, तेव्हां आपल्या न्हावा शेवा येथील एका धक्क्याचें कामहि अडलें. माहिती एकत्र आली म्हणजे ती चोरणाऱ्यासहि एके ठिकाणीं सांपडते, आणि यंत्र थांबलें म्हणजे सर्वांचेंच थांबतें.

यावर आमचें मत असें आहे. मालासंबंधानें जी माहिती नियमानें मागितली आहे ती खरी व पुरी द्यावी. त्याहून अधिक कोणी मागितल्यास कारण विचारावें. संगणकांत सर्व भरलें तरी कागदावरची मूळ वही घरीं ठेवावीच. यंत्र बंद पडल्या दिवशीं, किंवा यंत्रांतील नोंद चुकली असतां, तीच आपली साक्ष.

दुसरी शंका खर्चाची व दगदगीची. एक-दीड एकराच्या बागाईतदारास ही सर्व लिखापढी जड जाते हें आम्ही जाणतों. याचा उपाय सहकारानें होण्यासारखा आहे. गांवांतील दहा-पंधरा बागाईतदारांनीं मिळून एका शिकलेल्या तरुणास थोडें वेतन देऊन आठवड्यांतून एकदां सर्वांच्या वह्या पाहावयास लावावें. त्यानें वही लिहावयाची नाहीं. फक्त रिकाम्या जागा दाखवावयाच्या. परदेशांतील मर्यादा बदलल्यास ती बातमी त्यानें चावडीवर मराठींत लावावी. आपल्या संस्थेनें हें काम अंगावर घ्यावें अशी आमची सूचना आहे.

त्या पावतीचें काय झालें

आतां आरंभीं सांगितलेल्या गोष्टीकडे वळतों. बाजूस ठेविलेली ती पावती एका बुरशीनाशकाची होती. अवकाळी पावसानंतर खालच्या बागेवर तें फवारलें होतें, आणि काढणीपूर्वीं जितके दिवस जावयास पाहिजेत तितके जाणार नव्हते. आम्ही म्हणालों, "दाजी, वही लिहून देतों, पण हीहि पावती लिहीन, आणि पहिल्या पानावर असेंहि लिहीन कीं, ही वही मूळ चिठ्यांवरून आजच्या तारखेस उतरविली आहे." ते रागावले. म्हणाले, "नमुन्यांत कदाचित् दिसणारहि नाहीं." आम्ही म्हणालों, "येथें दिसणार नाहीं, पण तिकडे दिसलें तर?" बराच वेळ ते बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "लिहा."

त्यांनीं ती गोष्ट निर्यातदारासहि सांगितली. वरच्या बागेचा नमुना उतरला व तो माल परदेशीं गेला. खालच्या बागेचा माल निर्यातदारानें घेतला नाहीं. मुदत पुरी भरल्यावर तो गांवच्या व्यापाऱ्यास द्यावा लागला, आणि किलोमागें वीसबावीस रुपयांची तूट आली. त्या वर्षीं त्यांच्या मुलीचें लग्न ठरलें होतें. आमची बहीण आमच्याशीं चैत्रापर्यंत धड बोलली नाहीं, आणि आम्हीं तिला दोष दिला नाहीं.

पुढील हंगामांत ते पुन्हां आले, पण वही घेऊन नव्हे. वही बागेंतल्या खोलींत खिळ्याला टांगलेली आहे असें म्हणाले. आम्ही एकदां जाऊन ती पाहिली. अक्षर वेडेंवांकडें होतें, दोन ठिकाणीं आडव्या रेघा होत्या, एका पानावर औषधाचा डाग पडला होता. असली वही आमच्या हातून लिहून झाली नसती.

आश्विनांत गोडी छाटणी सुरू होईल. ज्या दिवशीं कात्री हातीं घ्याल त्याच दिवशीं, सायंकाळीं घरीं येण्यापूर्वीं, वहीची पहिली ओळ लिहा, अशी आमची सर्व बागाईतदार बंधूंस विनंति आहे.